वरच्या मजल्याला पत्र लिहिण्याआधी

बाथरूमच्या छताला ओल दिसली की मान आपोआप वर जाते, आणि मान वर गेली की बोटही वर जातं. ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला आमची जुनी बिल्डिंग आहे, वीस घरांची. सात वर्षं मी तिची सेक्रेटरी आहे. एवढ्या काळात गळतीच्या जितक्या तक्रारी आल्या, त्यांतल्या बहुतेकींत कारणही सोबत लिहून आलेलं होतं: "वरचे." लिहिणारा प्रत्येक जण शिकलेला, डोकं ठिकाणावर असलेला. अशा माणसाच्या म्हणण्यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं, हे मी एक मोठी चूक करून शिकले. ती चूक कशी झाली आणि त्यानंतर मी कोणती रीत धरली, ते इथे लिहिते.

बी.ए.ला माझा विषय तत्त्वज्ञान होता. नोकरी मात्र वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागली, टायपिस्ट म्हणून. तिथून इन्स्पेक्शनला गेले आणि निवृत्त होईपर्यंत मायक्रोमीटर हातातून सुटला नाही. त्यामुळे ज्ञानमीमांसेतला, म्हणजे आपल्याला एखादी गोष्ट कळते ती कशी याच्या विचारातला, पुढचा प्रश्न मी जरा तेलकट हातांनीच हाताळते.

प्रश्न असा: एखादी गोष्ट मानणं शहाणपणाचं आहे, आणि ती मानायला खरोखर आधार आहे, हे म्हणणं एकच की वेगवेगळं? तत्त्वज्ञानाच्या मराठी पुस्तकांत ‘विवेकी विश्वास’ आणि ‘समर्थित विश्वास’ असे शब्द भेटतात. मला त्यातला ‘विश्वास’ अडतो. विश्वास आपण माणसावर टाकतो; पाणी कुठून गळतं यावर कोण विश्वास टाकतं? ‘श्रद्धा’ तर त्याहून लांब. उरते ‘समजूत’. तिलाही खोड आहेच. ‘त्याची अशी समजूत आहे’ म्हटलं की ती चुकीचीच असणार असं ऐकणारा धरून चालतो, आणि कुणाची समजूत घालायची वेळ आली म्हणजे भांडण होऊन गेलेलं असतं. तरी मी तीच घेते. पहिल्या जातीला सयुक्तिक समजूत म्हणते, दुसरीला साधार समजूत. (साधार म्हणजे आधारासह. कार्ड लिंक करायची गरज नाही.)

आता ती चूक. चार पावसाळ्यांपूर्वी, जुलै संपता संपता २०३च्या वहिनींचा फोन आला: छताला ताटाएवढा डाग, पोपडे सुटताहेत. मी गेले, टॉर्च मारला. डागाच्या बरोबर वर ३०३चं बाथरूम. आमच्या नेहमीच्या प्लंबरला बोलावलं. त्यानं स्टुलावर चढून छताला हात लावला, हात हुंगला (का हुंगतात देव जाणे) आणि म्हणाला, "ताई, वरूनच आहे. नहाणी ट्रॅपचा जॉइंट गेलाय." (नहाणी ट्रॅप म्हणजे बाथरूमच्या जमिनीत सांडपाणी जायला बसवलेली जाळीखालची कुंडी.) आदल्या वर्षी १०४मध्ये असाच डाग होता, तेव्हाही त्यानं असंच सांगितलं होतं, वरच्यांनी काम करून घेतलं होतं आणि डाग वाळला होता. मी त्याच संध्याकाळी ३०३ला पत्र लिहिलं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या न्हाणीघर-संडासाच्या गळतीचा खर्च सदस्यानं करायचा आणि बाहेरच्या भिंती, गच्ची, पावसाचं पाणी यांचा सोसायटीनं. म्हणून पत्रात ‘आपल्या खर्चाने’ हे शब्द होते.

३०३च्या काकांनी लाद्या उखडल्या, ट्रॅप बदलला, नव्यानं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. पंधरा दिवस म्हातारा-म्हातारी शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होती. पैसे पेन्शनमधले. सप्टेंबरच्या एका मोठ्या पावसात २०३चा ताटाएवढा डाग परातीएवढा झाला. शेवटी बाहेरून झुला सोडून माणूस उतरवला, तेव्हा कळलं. ३०३च्या खिडकीच्या छज्ज्याखाली पिंपळाचं रोप उगवलं होतं, त्याच्या मुळांनी भिंतीला भेग पाडली होती, आणि पावसाचं पाणी त्या भेगेतून शिरून स्लॅबच्या कडेनं २०३च्या छतावर उतरत होतं. म्हणजे खर्च सोसायटीचा होता.

पुढच्या मीटिंगला एक जण म्हणाले, "सेक्रेटरीबाईंनी डोकं न वापरता पत्र दिलं." मला ते झोंबलं, कारण डोकं वापरूनच तर दिलं होतं. डाग बाथरूमखाली, प्लंबर वीस वर्षांच्या अनुभवाचा, मागच्या वर्षीचा दाखला समोर. एवढ्यावरून कुणीही तेच म्हटलं असतं. त्या रात्री झोप येईना, तेव्हा कारखान्यातला एक दिवस आठवला.

बुश म्हणजे आरपार भोक असलेली धातूची नळकांडी. तिचं भोक तपासायला आम्ही प्लग गेज वापरायचो. त्याला दोन टोकं असतात: ‘गो’ टोक भोकात गेलंच पाहिजे, ‘नो-गो’ टोक जाता कामा नये. मी एक अख्खी लॉट तशी तपासून ‘ओके’चा शिक्का मारला आणि माल गेला. काही दिवसांत ग्राहकाकडून परत आला. भोकं लहान होती. गेज स्टँडर्ड रूममध्ये नेऊन मोजलं तर ‘गो’ टोक वापरून वापरून झिजलेलं, बारीक झालेलं, म्हणून लहान भोकातही सुळकन जात होतं. वर कॅलिब्रेशनचा, म्हणजे गेज तपासून बरोबर असल्याचा, स्टिकर मुदतीतला. मी रडकुंडीला आले होते. आमचे साहेब कमी बोलायचे. म्हणाले, "बाई, तुमची चूक नाही. पण तुमचा शिक्काही खरा नाही."

बी.ए.च्या तीन वर्षांत मला जे नीट कळलं नव्हतं, ते त्या दोन वाक्यांत होतं. पहिलं वाक्य माझ्याविषयी आहे: माझ्या हाती जे होतं त्यावरून मी योग्य तोच निष्कर्ष काढला. दुसरं शिक्क्याविषयी आहे: तो ज्यावर उभा होता तेच झिजलेलं होतं. सयुक्तिकपणा माणसाचा हिशेब मांडतो, साधारपणा समजुतीच्या पायाचा. बहुतेक दिवशी दोन्ही हिशेब जुळतात. म्हणूनच ते दोन आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही.

तत्त्वज्ञांत यावर एकमत नाही; कित्येक जण तर दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरून पुढे जातात. भांडण समजून घ्यायला देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचा सैतान कामी येतो. १६४१मध्ये त्यानं कल्पना केली की एखादा कपटी, सर्वशक्तिमान सैतान आपल्याला पदोपदी फसवतो आहे. डोंगर, आकाश, हात, पाय, सगळा देखावा. आता १९७९मध्ये ॲल्विन गोल्डमन यांनी मांडलेलं मत घ्या. समजूत साधार केव्हा? तर ज्या रीतीनं ती तयार झाली ती रीत बहुतेक वेळा खऱ्याकडे नेणारी असेल तेव्हा. म्हणजे गेज चांगलं असेल तेव्हा. यावर स्ट्युअर्ट कोहेन यांनी १९८४मध्ये विचारलं: मग सैतानाच्या तावडीतल्या त्या बिचाऱ्याचं काय? तो तुमच्या-माझ्याइतकाच काळजीपूर्वक पाहतो, तोलतो, विचार करतो. त्याचं सगळं खोटं निघतं, पण त्यात त्याचा दोष कुठे? त्याच्या समजुती निराधार म्हणणं अन्यायाचं नाही का?

इथून वाटा फुटतात. एक गट म्हणतो, त्याच्या समजुती आपल्याइतक्याच साधार आहेत. आतून सारखं दिसतं ना, मग आधारही सारखा. दुसरा गट म्हणतो, तो माणूस सयुक्तिक आहे, निर्दोष आहे, पण त्याच्या समजुतींना आधार नाही. टिमथी विल्यमसन तर इतकं ताणतात की पुरता आधार म्हणजे ज्ञानच. त्याच्याखाली जे असेल त्याला फार तर माफी मिळेल. मी या दुसऱ्या गटाकडे झुकते. आमचे साहेबही याच गटातले, त्यांना पत्ता नसला तरी. कारण पहिल्या गटाचं ऐकलं तर ३०३च्या काकांना मी काय सांगू? ‘माझ्या पत्राला पूर्ण आधार होता, फक्त ते चुकीचं होतं’? हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारून बघा.

पण गोल्डमनचंही जसंच्या तसं घेता येत नाही. लॉरेन्स बाँजूर यांनी १९८०मध्ये नॉर्मन नावाचा एक काल्पनिक माणूस उभा केला. त्याला अतींद्रिय दृष्टी आहे, ती अचूक चालते, पण ती आहे हे त्याला ठाऊक नाही. एक दिवस त्याच्या मनात येतं की राष्ट्राध्यक्ष न्यूयॉर्कमध्ये आहेत, आणि ते असतातही. रीत पक्की, तरी असं काही मनात आलं म्हणून ते मानणारा माणूस आपल्याला शहाणा वाटत नाही. आमच्याकडे एक फिटरमामा होते. मशीनवर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे. कसं कळतं ते त्यांना सांगता येत नसे. पण त्यांच्यात आणि नॉर्मनमध्ये फरक होता: मामांनी सांगितलेलं बेअरिंग दर वेळी उघडलं जायचं आणि रजिस्टरला नोंद व्हायची. त्यामुळे त्यांचा कान हळूहळू आमच्यासाठीसुद्धा गेज झाला. रीत चांगली असून भागत नाही. ती चांगली आहे याची थोडी तरी खूण आपल्या हाती हवी.

एवढं सामान पुरे. आता कामाची गोष्ट.

पहिल्यांदा समजूत एका वाक्यात लिहून काढा, जागा आणि मार्ग यांच्यासह. ‘वरच्यांमुळे गळतं’ ही तक्रार झाली. ‘२०३च्या बाथरूमच्या छताची ओल ३०३च्या नहाणी ट्रॅपच्या जोडातून येते’ ही समजूत झाली. पहिलं वाक्य कधी खोटं ठरतच नाही, म्हणून ते तपासताही येत नाही. दुसरं लिहिताना हात थबकतो. तो थबकला की समजायचं काम सुरू झालं.

मग त्या वाक्याखाली तारीख घालून, त्या दिवशी हाताशी काय काय होतं ते लिहा. फक्त त्या दिवशीचं. उद्या कळलेलं त्यात घुसडायचं नाही. हा सयुक्तिकपणाचा हिशेब. यात मला एक अडचण आली, आणि ती पुस्तकी नाही. गळतीच्या जुन्या तक्रारींची फाईल माझ्याच कपाटात होती, दोन हात लांब. मी ती उघडली नव्हती. मग ती ‘माझ्या हाताशी’ होती की नव्हती? जे डोक्यात होतं तेवढंच धरलं तर मी सुटते. जे उठून सहज पाहता आलं असतं तेही धरलं तर नाही. तत्त्वज्ञांतही हा वाद आहे. मी माझ्यापुरता नियम केला: खुर्चीतून उठून पाच मिनिटांत जे पाहता येतं, ते हाताशी आहे असंच धरायचं. त्या नियमानं साहेबांनी मला दिली तशी पुरी माफी मी स्वतःला देऊ शकत नाही.

तिसरं काम आधाराचं. प्रत्येक पुराव्याला एकच प्रश्न विचारा: गोष्ट उलटी असती तर हा पुरावा वेगळा दिसला असता का? हा एक प्रश्न नीट विचारलात तर अर्धा लेख वाचला नाही तरी चालेल. डाग ३०३च्या बाथरूमखाली आहे, हे घ्या. पाणी भेगेतून आलं असतं तरी डाग तिथेच पडला असता, स्लॅबला उतार जिकडे असेल तिकडे पाणी जातं. म्हणजे त्या डागानं ‘वर कुठेतरी’ यापलीकडे काही सांगितलंच नाही. प्लंबर घ्या. पिंपळ असता तरी तो "वरूनच आहे" म्हणाला असता का? हे कळायला मी शेवटी ती फाईल उघडली. त्याच्या हातच्या अकरा तक्रारी निघाल्या. अकराही वेळा "वरूनच". सगळ्यांचं उत्तर एकच देणारा साक्षीदार खोटारडा असेलच असं नाही. पण त्याच्या उत्तरातून काही कळत नाही. दोन्ही टोकं भोकात जाणारं गेज ते.

मग त्याची कामं यशस्वी कशी व्हायची? अकरा कामांच्या तारखा पाहिल्या: सगळी ऑगस्ट-सप्टेंबरची. सगळीकडे ‘दिवाळीपर्यंत वाळलं’ असा शेरा, बरेचसे माझ्याच अक्षरात. अहो, वाळणारच. ऑक्टोबर आला होता! अकरापैकी सहा घरं पुढच्या पावसाळ्यात परत आली होती, आणि दर वेळी आम्ही ती नवी तक्रार म्हणून नवा नंबर देऊन नोंदवली होती.

अशा लपलेल्या अटीलाच आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, उपाधी म्हटलं. जिथे धूर तिथे आग, हे बरोबर; पण जिथे आग तिथे धूर, हे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. मग आगीबरोबर धूर इतक्या वेळा दिसतो कसा? लाकूड ओलं असतं म्हणून. ओलं लाकूड ही लपलेली अट, आणि आपण मात्र नातं आगीशी जोडून मोकळे. माझ्या प्रकरणात ओलं लाकूड म्हणजे ऑक्टोबर. तेव्हा ‘त्यानं काम केलं आणि गुण आला’ असं कुणी म्हणालं की, कामाशिवायही गुण आला असता का, ते विचारा. सर्दीचा काढा, परीक्षेआधीचं ठरावीक पेन, आमचा प्लंबर, सगळ्यांना हाच प्रश्न लागतो.

गोष्ट खरी निघाली म्हणजे समजूत साधार होती, असंही धरू नका. आमच्या गच्चीवरून येऊरचा डोंगर दिसतो. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे’ हे न्यायशास्त्राचं ठरलेलं उदाहरण मला तिथेच समजलं. उन्हाळ्यात तिथे खरंच वणवे लागतात. जुलैत मात्र झाडांच्या शेंड्यांवर ढगाचे पुंजके अडकून बसतात आणि लांबून थेट धूर वाटतात. समजा, तशा ढगाला मी धूर समजले, ‘आग आहे’ म्हणाले, आणि नेमकी त्याच वेळी खालच्या पाड्यावर कुणीतरी चूल पेटवलेली होती. माझं म्हणणं खरं. पण ते ज्ञान म्हणायचं का? आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध पंडितानं जवळजवळ हेच उदाहरण दिलं आहे, फक्त त्यात ढगाच्या जागी आगीवर घोंघावणारे किडे आहेत. एडमंड गेटिअर यांनी १९६३मध्ये तीन पानांच्या लेखात दाखवून दिलं की साधार आणि खरी असूनही समजूत ज्ञान ठरत नाही, तेव्हा पाश्चात्त्य विद्यापीठांत खळबळ उडाली. म्हणून वरचाच ट्रॅप गळत होता असं उद्या निघालं, तरी ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य प्लंबरला शोभत नाही.

चौथी गोष्ट थोडी अवघड, कारण ती स्वतःला विचारायची असते. पुरावा फाईलमध्ये असेल, पण तुमची समजूत त्यावर उभी आहे का? आमच्या ४०१च्या साहेबांना एका प्रकरणात ३०४ दोषी वाटत होते, आणि त्या वेळी पुरावाही ३०४च्या विरुद्ध होता. पण त्यांनी पुरावा पाहिलाच नव्हता. त्यांचं जुनं भांडण होतं गणपतीच्या वर्गणीवरून. आधार उपलब्ध असणं आणि समजूत त्या आधारावर असणं यात फरक आहे. ओळखायची युक्ती अशी: पुरावा काढून घेतला असं समजा. समजूत ढिली पडते का? ४०१ची पडली नसती. माझी पडते की नाही, ते मी हल्ली चहाच्या आधी तपासते. नंतर मी जरा जास्तच उदार होते.

आकड्यांच्या बाबतीत एक वेगळा खड्डा आहे, तोही सांगून टाकते. म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत निघते तेव्हा आमच्याकडचे निम्मे लोक अर्ज भरतात आणि भरता भरताच म्हणतात, "आपल्याला कुठलं लागतंय." अर्जदार हजारोंनी, घरं थोडी, तेव्हा असं वाटणं सयुक्तिकच. पण यादी लागायच्या आधी ‘आपल्याला लागलं नाही’ असं ठामपणे कुणी म्हणत नाही. यादी बघितल्यावरच म्हणतो. शक्यता कितीही थोडी असो, नुसती शक्यता आणि यादी यांत अंतर आहे. हेन्री कायबर्ग यांनी १९६१मध्ये यावर बोट ठेवलं: प्रत्येक तिकिटाबद्दल ‘हे लागणार नाही’ असं मानलं तर सगळ्यांचं मिळून ‘कुठलंच लागणार नाही’ असं होतं, आणि एक तर लागणारच असतं. ‘दहातल्या आठ गळत्या वरूनच असतात, म्हणून ही ३०३चीच’ हे वाक्य त्याच जातीचं. त्यावरून चौकशी कुठून सुरू करायची ते ठरवा. बिल कुणाच्या नावानं फाडायचं ते मात्र ठरवू नका.

मग दर वेळी एवढा काथ्याकूट करायचा का? नाही हो. तलावपाळीला जाताना रिक्षा मिळेल की नाही, याला सयुक्तिक समजूत भरपूर झाली. चुकले तर पाय माझेच दुखतात. आमच्या एका काकांनी बायपासच्या आदल्या रात्री ‘मी ठणठणीत बरा होणार’ असं मानून शांत झोप काढली. डॉक्टरांचे आकडे एवढी खात्री देत नव्हते, पण त्या समजुतीचा उपयोग वेगळा होता, तिथे मी तोंड घालत नाही. माझा निकष एकच: चूक झाली तर भुर्दंड कुणाला? स्वतःला असेल तर सयुक्तिकवर भागवा. दुसऱ्याच्या लाद्या उखडणार असतील तर साधार होईपर्यंत थांबा. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञ-तत्त्वज्ञानं १८७७मध्ये एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली. जहाज जुनं झालेलं, मनात शंका, पण त्यानं ती दाबली, ‘इतक्या सफरी केल्या, हीसुद्धा होईल’ असं स्वतःला पटवलं आणि जहाज सोडलं. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो दोषीच. मालकाला विम्याचे पैसे मिळतात; बुडतात ते उतारू. सेक्रेटरीच्या टेबलाशी बसलं की हे नीट कळतं.

साधार व्हायला गळतीच्या बाबतीत फार लागत नाही. डागाच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारा, बाजूला तारीख घाला. रोज त्याच वेळी बघा. पावसाच्या दिवशी रेघ ओलांडते आणि उघाडीत थांबते तर बाहेरची भिंत बघायची. पाऊस नसतानाही, वर आंघोळी झाल्यावर वाढते तर सांडपाण्याची बाजू. कुणी गावाला गेलेलं असताना, घर बंद असतानाही वाढत राहते तर नळाच्या भिंतीतल्या लाइनवर संशय घ्या, कारण तिच्यात पाणी कायम दाबाखाली असतं. गच्चीवरून त्या लाइनचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून सकाळी पाहा. आणि ट्रॅपवर संशय असेल तर वरच्या बाथरूमचा ट्रॅप फडका कोंबून बंद करायचा, दोन इंच पाणी भरायचं, त्यात रंग टाकायचा आणि चोवीस तास ठेवायचं. खाली रंग उतरला तर मार्ग कळला. नाही उतरला तर निदान तो मार्ग बराचसा बाद. यातली प्रत्येक चाचणी गोष्ट उलटी असती तर वेगळं उत्तर देते. प्लंबरचा हात ते देत नव्हता.

आणि पत्र. चाचणी होण्याआधी पत्र लिहावंच लागलं तर समजूत ज्या दर्जाची आहे त्याच दर्जाचं लिहा. मी आता असं लिहिते: "२०३च्या छताला ओल आली आहे. आपल्या बाथरूमकडून ती येत असावी अशी शंका आहे. बाहेरच्या भिंतीचीही तेवढीच शक्यता आहे. शनिवारी सकाळी पाणी भरून चाचणी घ्यायची आहे, आपली परवानगी हवी. खर्चाचं चाचणीनंतर ठरवू." ‘शंका’, ‘शक्यता’, ‘चाचणीनंतर’ हे शब्द घाबरटपणाचे वाटतात, कमिटीत कुणी तसं बोलूनही दाखवलं. असू दे. ३०३च्या काकांना त्या वर्षी सोसायटीनं पैसे परत केले, मीटिंगमध्ये ठराव करून. मी घरी जाऊन वेगळं सांगून आले की त्या दिवशी मला जे दिसत होतं त्यावरून मला तसं वाटलं, पण ते लिहायला माझ्याकडे आधार नव्हता. काकू चहा टाकायला उठल्या. काका म्हणाले, "ट्रॅप तसाही जुना झाला होता." ते खरं होतं की माझ्यासाठी म्हणाले, ते मी तपासलेलं नाही.

रंग कुठला, असं सगळे विचारतात. किराणावाल्याकडे मिळतो तो जिलबीचा, आणि चिमूटभरच. लाद्यांच्या सांध्यांतलं सफेद सिमेंट केशरी झालं तर वरच्या वहिनींची तक्रार येते, आणि तिला काही चाचणी लागत नाही.